ठरावीक आकाराच्या बफरमध्ये किती लिहिले गेले, याचा हिशेब कसा ठेवावा

उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यांसाठी फर्मवेअर (यंत्रात बसवलेला प्रोग्राम) लिहिणारे तरुण आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतले अभियांत्रिकीचे विद्यार्थी माझ्याकडे कोड तपासायला देतात, तेव्हा चूक पुन्हा पुन्हा एकाच जागी सापडते. बफरचा (माहिती ठेवण्यासाठी राखलेल्या मेमरीच्या तुकड्याचा) आकार ठरवलेला असतो, सुरक्षित समजले जाणारे फंक्शनही वापरलेले असते, आणि तरीही ‘आतापर्यंत किती लिहिले’ हा आकडा खोटा निघतो. याचे कारण असे की, किती लिहायला सांगितले, प्रत्यक्षात किती लिहिले गेले आणि पूर्ण लिहायला किती जागा लागली असती, हे तीन वेगवेगळे आकडे एकच मानले जातात. ते तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळे कसे ठेवायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उदाहरण ऊस वजनकाट्याच्या पावतीचे घेतले आहे. पावतीची एक ओळ ६४ बाइटच्या बफरमध्ये तयार होते. तीत गाडीचा क्रमांक, वाहनाचा प्रकार, गाव आणि वजन येते, आणि त्यानंतर तारीख. भाषा सी आहे. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ‘क्षमता’, ‘वापरलेले’, ‘उरलेले’ आणि ‘लागणारे’ ही चलांची नावे आहेत, त्यांच्या जागी आपापल्या प्रोग्राममधली नावे घ्यावीत.

१. तयारी: आधी कागदावर मोजणी

कोडला हात लावण्यापूर्वी प्रत्येक घटकाला जास्तीत जास्त किती बाइट लागतात हे कागदावर लिहून काढावे. येथे ‘अक्षर’ हे एकक पूर्णपणे सोडून द्यावे लागते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत प्रत्येक कोडपॉइंटला (क्रमांक दिलेल्या प्रत्येक चिन्हाला) ३ बाइट लागतात. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र कोडपॉइंट आहेत. आपल्या बेळगावचे सध्याचे अधिकृत नाव इंग्रजीत (Belagavi) लिहिले तर ८ बाइट होतात. मराठीत ‘बेळगाव’ लिहिले तर ६ कोडपॉइंट, म्हणजे १८ बाइट. कन्नड लिपीत ते अधिकृत नाव ७ कोडपॉइंटचे, म्हणजे २१ बाइटचे होते. ‘क्ष’ डोळ्यांना एकच अक्षर दिसते, पण तो क, हलन्त आणि ष मिळून ९ बाइटचा आहे. सीमाभागात एकच पावती तीन लिप्यांत छापण्याची मागणी नेहमीच येते, म्हणून ज्या लिपीत सर्वांत जास्त बाइट लागतात तिचाच आकडा धरावा.

अंकांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. इंग्रजी अंकाला १ बाइट लागतो. देवनागरी अंकाला ३.

आता उदाहरणातली ओळ मोजू. गाडीचा क्रमांक, म्हणजे चिकोडीचा केए २३ किंवा कोल्हापूरकडून आलेला एमएच ०९, इंग्रजी अक्षरांत मोकळ्या जागेशिवाय १० बाइटचा असतो आणि त्यापुढे एक मोकळी जागा, असे ११. ‘ट्रॅक्टर’ हा शब्द ८ कोडपॉइंटचा, म्हणजे २४ बाइट, अधिक एक मोकळी जागा, असे २५. गाव ‘संकेश्वर’, २४. मग मोकळी जागा, इंग्रजी अंकांत ५ अंकी वजन, पुन्हा मोकळी जागा आणि ‘किलो’, असे १९. बेरीज ७९, आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी येणारा शून्य बाइट धरून ८०. म्हणजे तारीख लिहिण्यापूर्वीच ६४ बाइटचा बफर अपुरा पडला आहे.

सावधान: वजन ५ अंकीच येईल हे गृहीत आपल्या मनातले आहे, चलाला ते माहीत नसते. ३२ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक वजाचिन्हासह ११ बाइटपर्यंत जातो आणि ६४ बिटांचा २० पर्यंत. दशांश असलेला ‘डबल’ दोन दशांश स्थळांसह छापला, तर बिघडलेल्या मूल्यासाठी तो ३१३ बाइट घेऊ शकतो. म्हणून छापण्यापूर्वी मूल्य शक्य त्या मर्यादेत आहे की नाही हे तपासावे.

याच टप्प्यात आणखी एक निर्णय लिहून ठेवावा: जागा संपली तर कोणता घटक कापायला चालेल? माझ्या मते गावाचे नाव कापलेले चालते, कारण शेतकऱ्याला आपले गाव माहीत असते. वजन कधीही कापता कामा नये.

२. हिशेब एकाच ठिकाणी ठेवणे

बफरचा पत्ता, ‘क्षमता’, ‘वापरलेले’, ‘लागणारे’ आणि ‘कापले’ ही खूण, हे पाच घटक एकाच स्ट्रक्चरमध्ये (अनेक चलांच्या एका गटात) ठेवावेत आणि बफरमध्ये लिहिणाऱ्या प्रत्येक फंक्शनला त्या स्ट्रक्चरचा पत्ता द्यावा. पत्ता एका चलात, आकार दुसऱ्या फाइलमधल्या मॅक्रोमध्ये आणि लिहिलेल्या बाइटची संख्या तिसऱ्याच फंक्शनच्या स्थानिक चलात, अशी विखुरलेली मांडणी असली की कोणीतरी बफर लहान करतो आणि आकार तसाच राहतो.

सुरुवात करताना ‘वापरलेले’ आणि ‘लागणारे’ शून्य करावे, ‘कापले’ खोटे करावे आणि बफरच्या पहिल्या बाइटमध्ये शून्य लिहावे. त्यानंतर एक नियम प्रत्येक क्षणी खरा राहिला पाहिजे: मजकुराच्या बफरमध्ये ‘वापरलेले’ हे ‘क्षमते’पेक्षा नेहमी लहान असते, कारण शेवटच्या शून्य बाइटची जागा राखलेली असते. कच्च्या बाइटच्या (मजकूर नसलेल्या माहितीच्या) बफरमध्ये ते ‘क्षमते’इतके होऊ शकते. हे दोन प्रकार एकाच स्ट्रक्चरमध्ये मिसळू नयेत. एका बाइटची चूक बहुतेक वेळा तिथूनच शिरते.

सावधान: ॲरे (बफरसारखी सलग जागांची रांग) फंक्शनला दिला की आत फक्त त्याचा पत्ता पोहोचतो. तिथे ‘साइझऑफ’ (आकार बाइटमध्ये सांगणारे) लावले तर ३२ बिटांच्या कंट्रोलरवर ४ आणि ६४ बिटांच्या संगणकावर ८ हे उत्तर येते, मग बफर ६४ चा असो वा ६४० चा. ‘साइझऑफ’ जिथे ॲरे जाहीर केला आहे तिथेच वापरावे आणि आलेला आकडा ‘क्षमता’ म्हणून पुढे द्यावा.

३. लिहिण्यापूर्वी उरलेली जागा काढणे

‘उरलेले’ म्हणजे ‘क्षमता’ वजा ‘वापरलेले’. हे दोन्ही चल चिन्हविरहित (ऋण आकडा न ठेवणारे) असतात, आणि चिन्हविरहित वजाबाकी शून्याखाली गेली की उत्तर ऋण येत नाही, ते प्रचंड मोठे येते. म्हणून वजाबाकी करण्यापूर्वी दुसऱ्या टप्प्यातला नियम खरा आहे याची खात्री असावी लागते.

काही जण यावर उपाय म्हणून साधा ‘इंट’ (चिन्हांकित पूर्णांक) वापरतात. त्याने काहीही साधत नाही, कारण तो ऋण आकडा पुढे एसएनप्रिंटएफला, म्हणजे दिलेल्या आकारात मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनला, आकार म्हणून दिला की त्याचे रूपांतर पुन्हा चिन्हविरहित मोठ्या संख्येत होते.

तुलना कशी लिहिली आहे यालाही महत्त्व आहे. ‘वापरलेले अधिक नवे हे क्षमतेपेक्षा मोठे आहे का’ असे विचारले आणि ‘नवे’ हा आकडा बाहेरून आलेल्या पॅकेटमधला असला, तर बेरीजच मर्यादा ओलांडून लहान होऊ शकते. त्याऐवजी ‘नवे हे उरलेल्यापेक्षा मोठे आहे का’ असे विचारावे.

४. लिहिणे आणि परत आलेला आकडा वाचणे

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून येथे थांबून नीट पाहावे. एसएनप्रिंटएफ जास्तीत जास्त दिलेल्या आकारापेक्षा एक कमी इतकेच बाइट लिहिते आणि शेवटी शून्य बाइट ठेवते. मात्र ते परत देते तो आकडा लिहिलेल्या बाइटचा नसतो. पूर्ण मजकूर मावला असता तर किती बाइट झाले असते तो असतो, शून्य बाइट वगळून.

एका गळीत हंगामात सीमेजवळच्या एका काट्यावर मी लिहिलेला प्रोग्राम चालत होता. चाचण्या इंग्रजी अक्षरांत झाल्या होत्या आणि त्या निर्दोष होत्या. मराठी छपाई सुरू झाल्यावर निपाणी आणि गोकाकच्या पावत्यांवर ‘किलो’च्या जागी चौकोन येऊ लागले. मी तो फॉन्टचा दोष समजलो. दोन दिवसांनी काट्यावरच्या ऑपरेटरचा फोन आला: “सर, संकेश्वरच्या गाड्यांचं वजन नुसतं अठराच येतंय बघा. पावतीचा नंबर पण मधेच उडी मारतोय.”

घडले होते ते असे. क्रमांक, वाहन आणि गाव लिहून झाल्यावर ‘वापरलेले’ ६० होते आणि ‘उरलेले’ ४. वजनाच्या तुकड्याला १९ बाइट हवे होते. एसएनप्रिंटएफने एक मोकळी जागा आणि १, ८ हे दोन अंक असे ३ बाइट लिहिले, चौथा शून्य बाइट ठेवला आणि १९ हा आकडा परत दिला. १८४६० किलोची गाडी पावतीवर १८ झाली. माझ्या कोडने ते १९ बिनदिक्कत ‘वापरलेले’मध्ये मिळवले, त्यामुळे ते ७९ झाले. पुढे तारीख लिहिताना ६४ वजा ७९ हे ३२ बिटांच्या चिन्हविरहित गणितात ४२९४९६७२८१ झाले. फंक्शनला वाटले की चार अब्जांहून अधिक बाइट मोकळे आहेत, आणि त्याने बफर संपल्यानंतरचे १५ बाइट सोडून तारीख लिहिली. तिथे पावती क्रमांकाचा चल होता.

कापले जाण्याने एक पावती चुकली. चुकीच्या बेरजेने शेजारची मेमरी बिघडली. दोन्हींसाठी पुढील क्रम पाळावा.

पहिल्यांदा परत आलेला आकडा चिन्हांकित चलातच घ्यावा आणि तो ऋण आहे का ते पाहावे. ऋण असेल तर रूपांतरात त्रुटी आली आहे. ‘वापरलेले’ तसेच ठेवावे, त्या जागी शून्य बाइट परत लिहावा आणि त्रुटी कळवावी. ऋण नसेल तरच तो चिन्हविरहित करावा आणि ‘लागणारे’मध्ये मिळवावा. मग त्याची तुलना ‘उरलेले’शी करावी. तो ‘उरलेल्या’पेक्षा लहान असेल तर सगळे लिहिले गेले आहे, आणि फक्त याच स्थितीत तो ‘वापरलेले’मध्ये मिळवावा. तो ‘उरलेल्या’इतका किंवा त्याहून मोठा असेल तर मजकूर कापला गेला आहे. समान असला तरी कापलेलाच असतो, कारण शून्य बाइटने एक जागा घेतली. अशा वेळी घटक कापण्याजोगा असेल तर ‘वापरलेले’ म्हणजे ‘क्षमता’ वजा १ करावे आणि ‘कापले’ ही खूण खरी करावी. घटक कापण्याजोगा नसेल, जसे वजन, तर लिहिण्यापूर्वीच्या जागी शून्य बाइट ठेवून अर्धवट मजकूर पुसावा, पावती छापू नये आणि ऑपरेटरला कळवावे.

‘कापले’ खरे झाल्यावरही उरलेले घटक याच फंक्शनमधून जाऊ द्यावेत. ‘उरलेले’ तेव्हा १ असते, त्यामुळे फक्त शून्य बाइट लिहिला जातो आणि काही बिघडत नाही. पण ‘लागणारे’ वाढत राहते आणि शेवटी पूर्ण ओळीला किती जागा लागली असती ते अचूक सांगते. आपल्या उदाहरणात वजनाच्या तुकड्यापर्यंत ते ७९ दाखवेल. पहिल्या टप्प्यातल्या कागदावरच्या बेरजेशी तो आकडा जुळला पाहिजे.

सावधान: नावे सारखी असली तरी सगळी फंक्शने सारखी वागत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमधले अधोरेखाने सुरू होणारे जुने एसएनप्रिंटएफ मजकूर कापला गेला की ऋण आकडा देते आणि शेवटी शून्य बाइट ठेवत नाही. प्रमाणित वर्तन तिथे व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून आले. लिनक्स कर्नलमधले एस-सी-एन-प्रिंटएफ मात्र खरोखर लिहिलेल्या बाइटची संख्या देते. एसटीआर-एन-कॉपी स्रोत लांब असेल तर शून्य बाइट लिहीतच नाही, आणि लहान असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरत बसते. आपल्या कंट्रोलरच्या लायब्ररीचे वर्तन ४ बाइटच्या बफरवर एकदा स्वतः करून पाहावे.

आणखी एक चूक विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये हमखास आढळते: जोडणी करण्यासाठी त्याच बफरला स्रोत आणि लक्ष्य अशा दोन्ही जागी देणे. सीच्या प्रमाणानुसार अशा लेखनाचे वर्तन अनिश्चित आहे. जोडायचे असेल तर बफरचा पत्ता अधिक ‘वापरलेले’ येथूनच लिहावे.

५. कापायचेच असेल, तर अक्षराच्या सीमेवर

गावासाठी २० बाइटची मर्यादा ठरवली आणि ‘संकेश्वर’चे २४ बाइट आले, तर विसाव्या बाइटवर केलेला काप ‘व’ या अक्षराच्या मधोमध पडतो. त्याचे दोन बाइट आत राहतात, तिसरा बाहेर जातो, आणि छापताना चौकोन दिसतो. मला फॉन्टचा वाटलेला दोष हाच होता.

काप दुरुस्त करण्यासाठी सीमेपासून मागे यावे. यूटीएफ-८ मध्ये कोडपॉइंटच्या पहिल्या बाइटनंतरच्या प्रत्येक बाइटचे मूल्य १२८ ते १९१ च्या दरम्यान असते. वगळल्या जाणाऱ्या मजकुराचा पहिला बाइट या पट्ट्यात असेल तोवर एकेक बाइट मागे सरकावे. उदाहरणात २० वरून १८ वर येतो आणि ‘संकेश्’ उरते.

एवढ्याने मराठी वाचकाचे समाधान होत नाही, कारण शेवटी लोंबता हलन्त राहिला. म्हणून दुसरी तपासणी करावी: राखलेल्या मजकुराचा शेवटचा कोडपॉइंट हलन्त असेल, किंवा वगळलेला पहिला कोडपॉइंट मात्रा, अनुस्वार अथवा हलन्त असेल, तर आणखी एक कोडपॉइंट मागे यावे, आणि दोन्ही अटी मोकळ्या होईपर्यंत हे चालू ठेवावे. येथे हलन्त जातो, मग श जातो, आणि ‘संके’ हे १२ बाइट उरतात. कन्नडसाठी नियम तोच, फक्त त्या लिपीच्या चिन्हांची यादी वेगळी.

पडताळा: काप मागे आणल्यावर ‘वापरलेले’ही मागे आणले का, आणि नव्या जागी शून्य बाइट लिहिला का?

अनेक थर्मल प्रिंटरांना देवनागरी थेट छापता येत नाही, म्हणून ओळ चित्र करून पाठवावी लागते. ५८ मिलिमीटर कागदाच्या पुष्कळ प्रिंटरांत एका रांगेत ३८४ ठिपके असतात, म्हणजे ४८ बाइट. २४ रांगांच्या ओळीला ११५२ बाइट लागतात. तो बफर वेगळा आणि त्याचा हिशेबही वेगळा ठेवावा.

६. कच्च्या बाइटसाठी थोडे वेगळे नियम

बाइटची नक्कल करणारी मेमकॉपी काहीही तपासत नाही, म्हणून तुलना तिच्या आधीच व्हायला हवी आणि ‘वापरलेले’ तिच्या नंतर वाढायला हवे. कच्च्या माहितीत शून्य बाइट मधेच येऊ शकतो, त्यामुळे लांबी मोजण्यासाठी स्ट्रलेन वापरता येत नाही. ‘वापरलेले’ हाच एकमेव पुरावा असतो. वाचन करणारी फंक्शने मागितल्यापेक्षा कमी बाइट आणू शकतात आणि सॉकेटवर पाठवणारी कमी पाठवू शकतात. दोन्ही वेळी परत आलेला आकडाच धरावा, मागितलेला नव्हे, आणि उरलेल्या भागासाठी पुन्हा फंक्शन बोलवावे.

७. इंटरप्ट लिहीत असेल तेव्हा

इंटरप्ट म्हणजे चालू काम मधेच थांबवून चालणारा कोड. वजनदर्शक यंत्र ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) माहिती पाठवत असेल, तर सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून एका बाइटला १० बिट लागतात आणि सेकंदाला ९६० बाइट येतात. १२८ बाइटचा बफर सुमारे १३३ मिलिसेकंदांत भरतो. पावतीचे चित्र तयार करायला त्याहून अधिक वेळ लागत असेल तर काही बाइट हरवणारच, आणि हरवलेले बाइट मोजणारा वेगळा चल नसेल तर ते कधी कळणारही नाही.

रिंग बफरमध्ये (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून वापरल्या जाणाऱ्या बफरमध्ये) लिहिण्याचे आणि वाचण्याचे स्थान सारखे असेल तर तो रिकामा आहे की पूर्ण भरलेला, हे त्या स्थानांवरून ठरत नाही. सोपा मार्ग असा की एक जागा कायम मोकळी सोडावी; १२८ च्या बफरमध्ये मग १२७ बाइटच मावतात, आणि ‘क्षमता’ १२७ अशीच नोंदवावी.

८ बिटांच्या एव्हीआर कंट्रोलरवर १६ बिटांचा चल दोन वेगवेगळ्या वाचनांत वाचला जातो. त्या दोहोंच्या मध्ये इंटरप्ट आला तर अर्धा जुना आणि अर्धा नवा असा आकडा हाती येतो. चल ‘व्होलाटाइल’ (दर वेळी मेमरीतूनच वाचला जाणारा) जाहीर केल्याने हे टळत नाही. वाचनापुरते इंटरप्ट बंद करून प्रत घ्यावी आणि लगेच पूर्वीच्या स्थितीत आणावे.

एसटीएम३२ कंट्रोलरवर डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती थेट मेमरीत नेणारा भाग) वापरत असाल, तर त्याचा एनडीटीआर हा काउंटर उरलेली संख्या दाखवतो आणि उतरत जातो. आलेल्या बाइटची संख्या म्हणजे बफरचा आकार वजा तो काउंटर. हा काउंटर ‘किती आले’ म्हणून थेट वापरलेला कोड मी पाहिला आहे. बफर बरोबर अर्धा भरलेला असताना तो बरोबर चालतो.

८. चाचणी

बफर प्रत्यक्षात ‘क्षमता’ अधिक ८ बाइटचा घ्यावा आणि शेवटच्या ८ बाइटमध्ये, म्हणजे पहारेकरी बाइटमध्ये, १६५ हे मूल्य भरावे. फ्रीआरटीओएस ही कंट्रोलरांसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या टास्कच्या स्टॅकची खोली मोजण्यासाठी हेच मूल्य वापरते. प्रत्येक पावतीनंतर ते ८ बाइट जसेच्या तसे आहेत का ते पाहावे. ‘लागणारे’ची आजवरची सर्वांत मोठी नोंद जपून ठेवावी आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात रोज वाचावी.

मोठी चाचणी संगणकावर करावी. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरचे लेखन पकडणारी सोय) चालू करावा, या चाचणीपुरते पहारेकरी बाइट काढून बफर मॅलॉकने (मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) नेमका ‘क्षमते’इतकाच घ्यावा, म्हणजे एक बाइट जरी बाहेर गेला तरी प्रोग्राम तिथेच थांबेल. मग तारखेशिवायची ‘संकेश्वर’ची ओळ, सगळे घटक कापण्याजोगे मानून, क्षमता १ पासून ८१ पर्यंत एकेकाने वाढवत लिहावी. प्रत्येक वेळी ‘वापरलेले’ आणि स्ट्रलेनचे उत्तर जुळले पाहिजे, आणि ‘लागणारे’ ७९ च आले पाहिजे. ‘कापले’ ही खूण ७९ पर्यंत खरी आणि ८० पासून खोटी असली पाहिजे. ती ७९ लाच खोटी झाली, तर चौथ्या टप्प्यातली तुलना समान आकड्याला चुकीच्या बाजूला टाकत आहे. क्षमता ० मात्र सुरुवातीच्या फंक्शननेच नाकारली पाहिजे, कारण तिथे पहिला शून्य बाइट लिहायलाही जागा नसते आणि ‘क्षमता वजा १’ ३२ बिटांच्या गणितात ४२९४९६७२९५ होते.